लावणीचे पाच खाडे : मुरबाडच्या एका एकराचा तीन वर्षांचा हिशेब

माझा मामेभाऊ अंबरनाथच्या एमआयडीसीत कंत्राटी कामगार आहे. दरवर्षी जुलैत लावणीसाठी तो पाच दिवस गावाला जायचा. कंपनीच्या भाषेत हे पाच खाडे, आणि खाड्याला 600 रुपये कापले जायचे. 2022 च्या मे महिन्यात सुपरवायझरने त्याला बजावलं, यंदा पाच खाडे झाले तर सहाव्या दिवशी गेटवर यायचे कष्ट घेऊ नकोस. मुरबाड तालुक्यातल्या आमच्या मामाच्या शेतात चिखलणी आणि लावणी न करता भात पिकवून बघायचं ठरलं ते त्या आठवड्यात. मातीचं आरोग्य, हवामान, कर्ब (कार्बन) हे शब्द तेव्हा घरात कुणाच्या तोंडी नव्हते.

हे आधीच सांगतो, कारण मातीला पुन्हा जीव देणाऱ्या शेतीबद्दल, म्हणजे हल्ली जिला पुनरुज्जीवक शेती म्हणतात तिच्याबद्दल वाचताना असं वाटतं की शेतकरी एका सकाळी उठून मातीच्या प्रेमात पडतो. आमच्याकडे तो रजेच्या प्रेमात पडला.

मी ठाण्यात एका सीएच्या ऑफिसात जमाखर्च लिहितो. शेतीतलं मला फारसं कळत नाही, पण कोणता खर्च कुठल्या खात्यात टाकायचा एवढं कळतं. मामाला एक जाड वही नेऊन दिली आणि म्हटलं, "दोन एकर एकाच बांधाला लागून आहेत. एक जुन्या पद्धतीने कर, एक नव्या. दोन्हींचा खर्च वेगळा लिही." मामा म्हणाला, "लिहितो. पण ही वही त्या टॅक्सवाल्यांना दाखवू नकोस." (शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, हे त्याला मी पाच वेळा सांगितलंय.) पुढचं सगळं त्या वहीतलं आहे. एकच कुटुंब, एकच शिवार, एकच पाऊस. एवढ्यावरून सगळ्या कोकणाचा निष्कर्ष कुणी काढू नये.

जुनी पद्धत आणि तिचा खर्च

आमच्याकडचं भात राबापासून सुरू होतं. उन्हाळ्यात रोपं करायच्या जागेवर आधी शेण, मग ऐनाच्या झाडाचे टाहाळ (डहाळ्या), मग पातेरा-गवत, वर मातीचा पातळ थर, आणि मग सगळं पेटवून द्यायचं. तणाचं बी जळतं, राख खत होते. पाऊस लागला की तिथे बी टाकायचं, रोपं हाताएवढी झाली की उपटून मुठी बांधायच्या आणि चिखलणी केलेल्या खाचरात लावायच्या. हे सगळं जूनच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत, आणि तालुक्यात सगळ्यांचं एकाच वेळी. म्हणून माणसं मिळत नाहीत. पूर्वी सावड चालायची, आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. आता प्रत्येक घरातला एक तरी माणूस कल्याण, भिवंडी नाहीतर अंबरनाथला कामाला आहे, त्यामुळे सावडीला उभं राहणार कोण?

2024 च्या खरिपात लावणीच्या एकराचा रोख खर्च असा आहे: बियाणं 900, ट्रॅक्टरने नांगरणी-चिखलणी पाच तासांचे 4,500, लावणीला दहा मजूर 450 प्रमाणे 4,500, खत 2,000, कापणीला सहा मजूर 2,700, मळणी यंत्र 1,200. एकूण 15,800. शिवाय घरच्या माणसांचे 24 दिवस. राबाला पाच, लावणीला सहा (त्यातले पाच मामेभावाचे खाडे), बांध-चिखलाला तीन, बेणणीला (तण काढायला) चार, कापणीला सहा.

या आकड्यांकडे पाहिलं की एक गोष्ट लगेच दिसते. 15,800 पैकी 9,000 रुपये नुसत्या चिखलात जातात: चिखल करायला अर्धे, त्यात रोप खोचायला अर्धे. आणि या चिखलाचं नंतर काय होतं? चिखलणीने मातीचे कण सुटे होतात, बारीक गाळ खाली बसतो, फाळाच्या खाली लादीसारखा थर धरतो. भाताला तेच हवं असतं, पाणी थांबतं आणि तण गुदमरतं. पण भात निघालं की हीच जमीन ओल टाकून देते, भेगाळते, ढेकळं होतात. रब्बीत तिच्यात काही घ्यायचं म्हणजे पुन्हा नांगर आलाच.

वाफे

जी पद्धत आम्ही घेतली ती आमच्या शोधाची नाही. शेजारच्या कर्जत तालुक्यात नेरळला सगुणा बाग आहे, तिथल्या चंद्रशेखर भडसावळे यांनी ती बसवली. सगुणा राईस टेक्निक, एसआरटी. रायगड-ठाण्यात शेतकरी नुसतं 'एसआरटी' म्हणतात आणि सगळ्यांना कळतं. माथ्यावर 100 सेंटिमीटर रुंद असे गादीवाफे एकदाच करायचे, दोन वाफ्यांमध्ये सरी. मग ते वाफे मोडायचे नाहीत, नांगरायचे नाहीत. लोखंडी साचा दाबला की 25 बाय 25 सेंटिमीटरवर भोकं पडतात, प्रत्येक भोकात तीन-चार दाणे टाकून माती ओढायची. ना राब, ना चिखलणी, ना लावणी. कापणीनंतर धसकटं आणि मुळं जमिनीतच राहू द्यायची, ती तिथेच कुजतात आणि त्यांच्या जागी माती भुसभुशीत होते.

मूळ पद्धतीत कापणीनंतर धसकटं मारायला ग्लायफोसेट फवारतात. आम्ही ते वापरलं नाही. 2022 च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने त्याचा वापर फक्त कीटकनियंत्रण करणाऱ्या अधिकृत चालकांपुरता ठेवला, आणि असा चालक गावात बोलावणं म्हणजे आणखी एक खर्च. फुटवे आले तेवढे विळ्याने कापले, बाकीचे उन्हाने मेले. पेरणीनंतरचं तणनाशक मात्र घेतलं. म्हणजे आमची शेती सेंद्रिय नाही, 'नैसर्गिक' तर नाहीच. हा मुद्दा पुढे पैशात येतो.

पहिलं वर्ष

वाईट गेलं. वाफे घालायला ट्रॅक्टर आणि फावड्याचे मजूर मिळून 6,000 रुपये लागले. पेरणीनंतर दोन-तीन दिवसांत, माती ओली असताना, ऑक्सिफ्लोरफेन हे तणनाशक फवारायचं असतं. मामाचा पाठीवरचा पंप नेमका तेव्हा फुटला. दुसरा आणून फवारेपर्यंत सहावा दिवस उजाडला होता. तोवर लव्हाळा, हरळी आणि भातासारखंच दिसणारा सावा हिरवागार वर आला. चिखलात पाणी साठवलं की हे तण दडपलं जातं. वाफ्यावर पाणी थांबत नाही, त्यामुळे ते फुकटचं राखण गेलं.

जुलैच्या शेवटच्या रविवारी मी गेलो होतो. लावणीच्या एकरात ताठ उभं, एकसारखं, काळपट हिरवं भात. बांधाच्या अलीकडे, वाफ्यांवर, पिवळट, विरळ, मधेमधे टक्कल पडल्यासारखं. बांधावरून जाणारा प्रत्येक जण थांबून बघायचा. कुणी काही बोलायचं नाही, आणि मामाला तेच झोंबायचं. आजी मात्र बोलली: "राब भाजला नाही, मग असंच व्हायचं."

बेणणीला 18 दिवस लागले, त्यातले सहा मजुरीचे. उत्पादन 11 क्विंटल, शेजारच्या एकरात साडेतेरा. हमीभाव त्या वर्षी क्विंटलला 2,040 होता. आम्ही विकलं थोडं, खाल्लं जास्त, पण हिशेबात सगळं हमीभावानेच धरलंय, पेंढ्याची किंमत वेगळी मिळवून. तीन खरिपांचा तक्ता असा (रक्कम रुपयांत, घरची मजुरी न धरता):

| खरीप | लावणी: क्विंटल | रोख खर्च | शिल्लक | वाफे: क्विंटल | रोख खर्च | शिल्लक |
|---|---|---|---|---|---|---|
| 2022 | 13.5 | 14,300 | 15,040 | 11 | 16,550 | 7,390 |
| 2023 | 14 | 14,900 | 17,462 | 13 | 9,650 | 20,529 |
| 2024 | 14 | 15,800 | 18,400 | 14.5 | 8,700 | 26,650 |

पहिल्या वर्षी 7,650 चा फटका. दुसऱ्या वर्षी 3,067 ने पुढे, तिसऱ्या वर्षी 8,250 ने. तिन्ही मिळून वाफ्यांचा एकर फक्त 3,667 रुपयांनी वर आहे. तीन पावसाळ्यांची कमाई म्हणून ही रक्कम हास्यास्पद आहे, आणि एखाद्याने इथेच वही मिटली तर मी त्याला दोष देणार नाही. मामेभावाचा पगार घरात नसता तर 2022 च्या त्या खड्ड्यानंतर मामाने जूनमध्ये ट्रॅक्टर बोलावून वाफे मोडलेच असते. तसं तो बोलूनही दाखवत होता.

दुसऱ्या वर्षापासून खर्च का पडला ते सरळ आहे. वाफे पुन्हा घालायचे नव्हते. फवारणी वेळेवर झाली, आणि वीस-बावीस दिवसांनी बिसपायरीबॅक सोडियम या तणनाशकाचा दुसरा हात दिला. दोन्हींचे मिळून 1,100 रुपये. टोकणीला आठ माणसांचे दिवस लागतात, चार मजूर आणि चार घरचे, आणि पाऊस ठीक असेल तर हे काम दोन रविवारांत बसतं. या एकरासाठी मामेभावाचा एकही खाडा झाला नाही.

खताबद्दल एक गोष्ट खटकते ती इथेच लिहितो. तिसऱ्या वर्षी मामाने खत कमी केलं, 2,000 चं 1,400 वर आलं. मातीत मुळं कुजतायत, गांडुळांची विष्ठा वाफ्यावर दिसते, तेव्हा थोडं कमी करून बघू, असा विचार. पीक कमी झालं नाही. पण वाचले किती, तर 600 रुपये! युरियाची 45 किलोची गोणी शेतकऱ्याला 266 रुपये 50 पैशांना पडते. बाकीची किंमत सरकार कंपनीला अनुदान म्हणून देतं. म्हणजे शेतकऱ्याने एक गोणी कमी टाकली तर खरी बचत सरकारी तिजोरीची होते, त्याच्या हाती जेमतेम 266 रुपये लागतात. खत कमी लागतं हा या शेतीचा सगळ्यात मोठा फायदा म्हणून सांगितला जातो. भाताच्या छोट्या शेतकऱ्याला तो दाखवायचा असेल तर आधी हे अनुदान कुणाकडे जातं ते बघावं लागेल.

वाल, गुरं आणि कुंपण

आता वही जिथे मला रंगतदार वाटते तिथे येतो.

टोकलेलं भात उपटून दुसरीकडे लावलं जात नाही, त्यामुळे त्याला धक्का बसत नाही, ते आठ-दहा दिवस आधी तयार होतं. 2024 मध्ये वाफ्यांवरचं भात घरात आलं होतं तेव्हा शेजारच्या एकराचे कापून पसरलेले कडपे एका संध्याकाळी परतीच्या पावसात भिजले. दोन दिवस उलटेसुलटे करून वाळवावे लागले. पण त्या आठ-दहा दिवसांचं खरं मोल भातात नाही, वालात आहे. जमिनीत ओल असते, नांगरायचं नसतं, धसकटांच्या मधल्या भोकांत कडव्या वालाचा दाणा खोचला की झालं. पाणी द्यावं लागत नाही. थंडी आणि दव यांच्यावर तो येतो.

2022 च्या हिवाळ्यात मामाने असाच वाल टाकला. हातभर आला, फुलला, आणि एका रात्रीत गुरांनी बहुतेक संपवला.

यात गुरांचा किंवा गुरं सोडणाऱ्यांचा दोष नाही. भात निघालं की शिवार मोकळं, मग कुणाचीही गुरं कुठेही चरायची, हा आमच्याकडचा जुना रिवाज आहे. ज्याच्याकडे जमीन नाही, पण दोन म्हशी आहेत, त्याचा सगळा हिवाळा त्या रिवाजावर चालतो. बारा महिने जमीन पिकाने झाकलेली ठेवा, असं पुनरुज्जीवक शेतीचं एक मुख्य सूत्र सांगतं. दोन्ही एका शिवारात नांदत नाहीत. एकट्या मामाचं शेत हिरवं आणि भोवती सगळं उघडं, अशा वेळी गुरं कुठे जाणार? त्या वर्षी बियाण्याचे 1,800 गेले, 35 किलो वाल मिळाला. व्यापाऱ्याच्या 90 रुपये किलोने 3,150.

पुढच्या वर्षी दोन्ही एकरांभोवती कुंपण घातलं. बांबू, नायलॉनची जाळी, आणि जिथे जाळी कमी पडली तिथे मामीच्या जुन्या साड्या. त्यातली एक जांभळी साडी मला ओळखीची वाटली. माझ्या मुंजीत नेसली होती. सगळं मिळून 8,500 रुपये. त्या हिवाळ्यात 1 क्विंटल 80 किलो वाल झाला. 16,200 चा माल, त्यातून बियाणं 2,000 आणि कुंपण 8,500 वजा करून उरले 5,700.

2024 च्या हिवाळ्यात मी मामाला आग्रह करून लावणीच्या एकरातही वाल टाकायला लावला. कुंपण दोन्हींना होतंच. गावातल्या लोकांना हे वेडेपण वाटलं, पण माझ्या धंद्यात याला महत्त्व आहे. वाल पिकला याचं श्रेय वाफ्यांचं की कुंपणाचं, हे दोन्ही एकरांत टाकल्याशिवाय कळणार कसं? कुंपणाची कमाई पद्धतीच्या नावावर लिहिली तर तो खोटा हिशेब.

निकाल असा आला. वाफ्यांवर 2 क्विंटल 40 किलो, लावणीच्या एकरात नांगरणीचे 1,800 घालून 1 क्विंटल 10 किलो. बियाणं दोन्हीकडे 2,400. वाफ्यांवर राहिले 19,200, लावणीच्या एकरात 5,700. कुंपण दुरुस्तीचे 1,200 मी वाफ्यांच्या नावावर टाकले, कारण कुंपण आलं ते त्यांच्यामुळे. म्हणजे कुंपण दोघांना सारखं असूनही वाफ्यांनी साडेतेरा हजार जास्त दिले, आणि ते आले लवकर रिकामी झालेल्या, न मोडलेल्या, ओल धरून राहिलेल्या जमिनीतून. पावसाळ्यात जे दिसलं नाही ते डिसेंबरात दिसलं.

थोडा वाल मी ठाण्याला आणून सोसायटीत 140 रुपये किलोने विकला. थंडीत कडव्या वालाच्या बिरड्याला लोक हसत पैसे देतात. मुरबाडहून एसटीने कल्याण, कल्याणहून लोकल, खांद्यावर वीस किलोची पिशवी, आणि गर्दीतल्या बायकांच्या शिव्या. त्या वरच्या पन्नास रुपयांचा फायदा मी मुद्दाम या हिशेबात धरलेला नाही. तो शेतीचा नाही, माझ्या खांद्याचा आहे.

मामीचं कॅलेंडर

2025 च्या फेब्रुवारीत मी हिशेब जुळवायला बसलो. रब्बीसह तीन वर्षांत वाफ्यांच्या एकराची शिल्लक 79,619 आणि लावणीच्या एकराची 56,602 निघाली. फरक 23,017. मी खूश होऊन आकडा मोठ्याने वाचला. मामी चुलीशी भाकरी थापत होती, तिने मान न वळवता विचारलं, "आणि माझे दिवस कुठे लिहिलेत?"

मामाने वहीत घरच्या माणसांचे दिवस लिहिले होते खरे. पण त्याच्या लेखी घरची माणसं म्हणजे तो आणि मुलगा. 2022 च्या बेणणीत मामी आणि तिची जाऊ रोज सकाळी जात होत्या, ते वहीत नव्हतं. वालाच्या शेंगा तोडणं, वाळवणं, बडवणं, पाखडणं यांतलंही काही नव्हतं. मामीने स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं कालनिर्णय काढून आणलं. ज्या दिवशी ती शेतात गेली त्या तारखेभोवती पेनाने गोल होता. दुधाचा हिशेब लिहायच्या त्याच निळ्या पेनाने. मागच्या दोन वर्षांची कॅलेंडरंही तिने ठेवली होती, माळ्यावर, गुंडाळी करून.

गोल मोजले आणि हिशेब पुन्हा मांडला. लावणीच्या एकराला तीन वर्षांत घरचे 80 दिवस: खरिपाचे 72 आणि शेवटच्या वालाचे आठ. वाफ्यांच्या एकराला 103: खरिपाचे 29, 18 आणि 16, वालाचे आणि कुंपणाचे 40. ज्या पद्धतीने 'मजुरी वाचते' म्हणून सुरुवात केली तिला घरची माणसं 23 दिवस जास्त लागली होती. विकतची मजुरी वाचली, घरची वाढली, आणि वाढलेल्या दिवसांतले बहुतेक बाईचे.

दिवसाला 400 धरून 23 दिवसांचे 9,200 वजा केले. उलट लावणीच्या एकरात मामेभावाचे तीन वर्षांचे 15 खाडे होते. त्याचा दिवस 600 चा, म्हणून दिवसामागे 200 च्या फरकाचे 3,000 वाफ्यांच्या बाजूने मिळवले. शेवटी उरले 16,817 रुपये. वर्षाला साधारण 5,600, एका एकरामागे. माझ्या मते हाच प्रामाणिक आकडा आहे. चांगला आहे, पण नशीब पालटणारा नाही, आणि तो कुंपण आणि मामी या दोन खांबांवर उभा आहे.

मामाचा चेहरा पडला होता. मामी म्हणाली, "तोटा झाला म्हणत नाही मी. वालाचे पैसे माझ्या हातात येतात, भाताचे कधी आले? मला फक्त लिहिलेलं हवं." हे मला सुचलं नव्हतं. भात केंद्रावर जातं आणि पैसे मामाच्या खात्यात येतात. वाल व्यापारी दारात येऊन मोजून नेतो आणि रोख देतो, दारात मामी असते. कोणता फायदा किती मोठा हे मी तीन वर्षं मोजत होतो, कुणाच्या हातात गेला हे एकदाही मोजलं नव्हतं.

कर्ब, दाखला आणि दलाल

कर्बाच्या पैशांबद्दल, म्हणजे मातीत कार्बन साठवल्याबद्दल मिळू शकणाऱ्या पैशांबद्दल, बरेच जण विचारतात, म्हणून थोडक्यात. सुरुवातीला आणि तीन वर्षांनी माती तपासली. सेंद्रिय कर्ब एक दशांश टक्क्याने वाढल्याचं दिसलं, आणि नमुना कुठून उचलला यावर तेवढा फरक सहज पडतो, म्हणून त्यावर मी फार विश्वास टाकत नाही. पण वाढ खरी धरली तरी बघा. एका एकराचा वरचा 15 सेंटिमीटरचा थर म्हणजे साधारण 850 टन माती. कर्ब 0.1 टक्क्याने वाढला तर 0.85 टन कर्ब, कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात सुमारे 3.1 टन. टनाला हजार रुपये मिळाले असं गृहीत धरलं तर 3,100 रुपये, तेही तीन वर्षांत एकदाच, आणि नमुने घेणारा, तपासणारा, दाखला देणारा यांचे पैसे द्यायच्या आधी. मामाच्या एकराला कर्बाच्या बाजारात उभं करायचं तर आधी शंभर-दोनशे मामा एकत्र आणावे लागतील. वाफ्यांवर पाणी तुंबून राहत नाही, त्यामुळे खाचरातून सुटणारा मिथेन कमी होतो, हे खरं आहे. त्याचे पैसे देणारं कुणी अजून आमच्या बांधावर आलेलं नाही.

जास्त दराचंही तसंच. सहभाग हमी पद्धतीचा (शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची शेतं तपासून द्यायचा) सेंद्रिय दाखला तणनाशक वापरणाऱ्याला मिळत नाही, आणि ते बरोबरच आहे. परंपरागत कृषी विकास योजना 2015 पासून आहे, राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला 2024 च्या नोव्हेंबरात 2,481 कोटींची मंजुरी मिळाली. दोन्ही रसायनमुक्त शेतीसाठी आहेत. नांगर बंद केला, मुळं जमिनीत ठेवली, दोन पिकं घेतली, पण तणासाठी दोनदा फवारलं, असा माणूस दोन्हींच्या मधे पडतो. खरेदी केंद्रावर त्याच्या भाताला तोच हमीभाव. माझं मत विचाराल तर मदत निविष्ठांना (खतं, बियाणं, औषधं) न देता पहिल्या वर्षाच्या खड्ड्याला द्यावी. आमचा खड्डा 7,650 रुपयांचा होता, आणि तो भरून निघायला पुढचे दोन पावसाळे लागले. ज्याच्या घरात पगार नाही त्याने तो कशाच्या जोरावर काढायचा?

जीवामृत हे नैसर्गिक शेतीतलं द्रावणही करून पाहिलं होतं. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, पिंपभर पाणी. पण ते सोडलं.

आणि दलाल. समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत 2025 च्या जूनमध्ये पूर्ण खुला झाला, तेव्हापासून गावात पांढऱ्या शर्टातली माणसं वाढली आहेत. ते गुंठ्यावर बोलतात. एका एकरात चाळीस गुंठे, तेव्हा वर्षाचे जास्तीचे 5,600 म्हणजे गुंठ्याला 140 रुपये. सोसायटीत मी एक किलो वाल विकतो त्याच भावाने. दलाल जो आकडा सांगतो त्याच्या वर्षाच्या व्याजाशीही ही तुलना होत नाही. मामा अजून विकत नाही, पण त्याचं कारण माझ्या वहीतलं कुठलंच पान नाही.

चौथा पावसाळा

2025 मध्ये मामाने लावणीच्या एकरातले वीस गुंठे वाफ्यांखाली आणायचं ठरवलं. मे अखेर ट्रॅक्टर सांगून ठेवला होता. पण पाऊस 26 मे रोजीच मुंबईत दाखल झाला, इतक्या लवकर तो नोंदींत कधी आला नव्हता, आणि आमच्याकडे मे महिनाभर वळवाने झोडपलं. ओल्या मातीत वाफे घालता येईनात. जुन्या वाफ्यांवर टोकणीच्या आधीच तण उगवून आलं, म्हणजे पेरल्यानंतर फवारायच्या औषधाचा उपयोगच अर्धा झाला. पेरणीआधी दोन दिवस मामी आणि जाऊ खुरपं घेऊन बसल्या.

त्या वीस गुंठ्यांत शेवटी पुन्हा लावणीच झाली. मामेभावाचे दोन खाडे पडले. सुपरवायझर बदललाय, त्याने नुसतं नाक मुरडलं.

2025 च्या खरिपाचा हमीभाव 2,369 आहे, भात अजून मळायचं आहे. वहीत आता एक रकाना वाढलाय. मामाने वर 'घर' असं लिहिलं होतं, मामीने ते खोडून स्वतःचं नाव लिहिलं. जूनच्या पानावर तिच्या नावाखाली अकरा रेघा आहेत, शेजारी मामाच्या सात. कॅलेंडरवर गोल करणं तिने तरी थांबवलेलं नाही.